पाटीखालचा उतार

प्रणितदादा,

कॉलेजला माझ्यासोबत यायचं म्हणून सुट्टी टाकणार असशील तर टाकू नकोस, कामावर जा. मी नीटच्या क्लासला गेलेय.

बीएस्सी झूलॉजीच्या यादीत माझं नाव आहे आणि अ‍ॅडमिशनचा आज शेवटचा दिवस आहे, हे माझ्या लक्षात आहे. पुन्हा सांगू नकोस.

सकाळी कपाटातली मार्कशीट काढायला खाली आपल्या गाळ्यात गेले होते. 'डॉ. अंकिता' ही पाटी बाबांनी मी बारावीत असतानाच रंगवून घेतली, तिचं आता काही वाटत नाही. पण काल त्यांनी गाळ्याच्या पायऱ्या फोडून तिथे सिमेंटचा उतार केलाय, स्वतःच्या हातांनी. तिथेच बसले होते. मला बघून म्हणाले, "म्हाताऱ्या पेशंटना बरा परंल, नाय गो?"

नीटला दोनदा मार्क कमी पडलेत माझे. तरी मी हो म्हटलं आणि मार्कशीट न घेताच वर आले.

चिडू नकोस. तुझा डबा ओट्यावर आहे. आईला यातलं काही बोलू नकोस.

आणि निघताना त्या उतारावर पाणी मार, बाबांनी सांगितलंय. नाहीतर तडे जातील.

अंकी