शून्याच्या वरचा आवाज

भद्रावती,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

प्रिय बाबा,

फोन असताना पोरगी पत्र काऊन लिहिते, असं तुम्ही म्हणालच. या क्वार्टरच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्या घराचं होतं, म्हणून. प्रफुल उद्या नागभीडला घरी येतो आहे, त्याच्या हाती देते. भाऊ असला तरी चोंबडा आहे, पाकीट फोडलेलं दिसलं तर कान धरा त्याचा. आई सांगत होती की यंदा नाटक कंपनीत गाणार नाही असं तुम्ही गुणवंतरावांना कळवणार आहात, आणि दसऱ्याला ते तुमच्या जागी दुसरा माणूस पक्का करणार. धानाच्या रोवण्याच्या वेळी बांधीतल्या चिखलातसुद्धा तुम्ही गुणगुणला नाहीत म्हणे. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

मी बरी आहे, म्हणजे आहे तिथेच आहे. तुमचे जावई सुनिल भोंग्याबरोबर फॅक्टरीत जातात आणि भोंग्याबरोबर येतात. सासूबाईंना घरात आवाज चालत नाही. चटणी वाटायचा मिक्सर चालत नाही, तिथे माझ्या गाण्यांचं काय! कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपाला लागून माझं टेबल आहे ते तुम्ही पाहिलंच. खिडकीला गादी लावलेली आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. चंद्रपूरच्या स्टुडिओतून येणारी हळदीची, नवसाची गाणी दिवसभर हेडफोन लावून नीट करते. कानात बँड वाजत असतो आणि बाहेर मी जिवंत आहे की नाही हेही कोणाला कळू नये. कधी कधी त्या खोलीत मला खरंच गुदमरायला होतं, बाबा. पण तीही गेली तर माझं म्हणून इथे काहीच राहणार नाही.

जूनमध्ये आला होतात तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "ह्या पट्ट्या काऊन नाचून राह्यल्या वो?" तेव्हा घाईत उडवून लावलं, आज सांगते. तो मीटर, आवाज किती येतो ते दाखवणारा. हिरवा असला की निवांत, पिवळा झाला की जपून, लाल झाला की गेलं. अगदी वर शून्य असतं आणि बाकीचे आकडे त्याच्या खाली उणे मोजायचे, असा उलटा कारभार. शून्य म्हणजे छत. त्याच्या वर मोजायला यंत्राकडे आकडेच नाहीत. म्हणून शहाणा माणूस गाणाऱ्याचा मोठ्यातला मोठा आवाजही उणे दहा-बाराच्या आसपास राहील असं बटण लावतो. वर मोकळी राखलेली ती जागा, तिला हेडरूम म्हणतात. रंगात आलेला माणूस चाचणीपेक्षा जोरात गातोच, त्याच्यासाठी ती. जागा ठेवली नाही तर आवाज छताला लागतो आणि त्याचा शेंडा सपाट कापला जातो. ते क्लिपिंग. ऐकायला खरखर येते, घसा गेल्यासारखी. नंतर आवाज कितीही खाली आणा, कापलेलं परत येत नाही. खरखर हळू ऐकू येते, एवढंच.

लेकीच्या सासरी बाप दबूनच बसतो. तुम्ही तर पाणीसुद्धा मागून घेतलं नाहीत. गुणवंतरावांना पाठवायची नांदी रेकॉर्ड करायची होती. आधी चाचणीसाठी गा म्हटलं, तेव्हा सासूबाई भिंतीपलीकडे होत्या. "विहीणबाई झोपल्या असन पोरी, हळूच म्हणतो," म्हणालात आणि नांदी अशी म्हटलीत की जणू आजाऱ्याच्या उशाशी बसला आहात. त्या आवाजावर मी बटण पार वर नेलं. तुमचा गळा मला माहीत नव्हता का? बांधीत घातलेल्या मंडपात लाइट गेली तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा गळा! पण या घरात हळू बोलायची, हळू ऐकायची मला इतकी सवय झाली आहे की तोच तुमचा आवाज वाटला. मग सासूबाई भजनाला गेल्या. दार लागलं, आणि तुम्ही खुर्ची सारून उभे राहिलात. दुसऱ्या कडव्याला लाल दिवा लागला तो लागलाच. मला दिसत होता, बाबा. बटणावर हात होता. थांबवून "पुन्हा म्हणा" एवढंच म्हणायचं होतं. पण सहा वर्षांत या घरात कोणी तोंड भरून गायलं नव्हतं. मी डोळे पुसत होते, तुम्हाला सर्दी वाटली.

पुढचं तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. ती फाइल गुणवंतरावांनी ऐकली आणि म्हणाले, "लटारूभाऊ, गळा गेला तुमचा." तुम्ही मला फोन केला, "पुनम, हा माह्याच आवाज हाय का?" फोन स्पीकरवर होता. सासूबाई भाजी निवडत होत्या, सुनिल समोर बसले होते, आणि कोठी रिकामी करायची गोष्ट आदल्याच दिवशी निघाली होती. चूक माझी म्हटलं असतं तर कामच जमत नाही म्हणून टेबल त्याच संध्याकाळी बाहेर गेलं असतं. म्हणून मी म्हटलं, "वय झालं, बाबा." तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. ते खोटं होतं. तुमच्या गळ्याला काहीही झालेलं नाही, आवाज मी कापला, आणि माझी खोली वाचावी म्हणून तुमचं गाणं जाऊ दिलं. आज सकाळी सुनिलना सगळं सांगितलं. ते कोठीकडे एकदा बघून कामावर गेले. सासूबाईंना संध्याकाळी सांगेन, मग जे होईल ते होईल. हे पत्र गुणवंतरावांना खुशाल दाखवा. पण त्याआधी दसऱ्याची वाट न पाहता त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहा. मला माफ करायचं की नाही ते मागाहून ठरवा, बाबा. आधी गा.

तुमचीच,
पुनम