मामाचं दिल्लीला गेलेलं पत्र

छत्रपती संभाजीनगर,
१० नोव्हेंबर २०२५

ती. मोतीराममामास,
सा. न. वि. वि.

यातली विनंती आधी उरकते, विशेष मागून. फोनवर बोलता आलं असतं, पण तुमचा कायदा आहे, कामाची गोष्ट कागदावर. पोस्टमनकी सुटून सहा वर्षं झाली, कायदा काही सुटला नाही. त्यामुळं अख्ख्या लॅबमध्ये मी एकटीच अशी, जिच्या बॅगेत आंतर्देशीय पत्रं असतात. बाकीचे विचारतात, हे निळं काय आहे.

तर मामला असा. आमच्या यास्मिन मॅडमचं काम तुम्हाला माहीतच आहे, मणक्याला विजेचे बारीक झटके देऊन गेलेले पाय हलवायचे. मणक्याच्या दुखापतीवर संशोधन करायला दिल्लीहून सरकारी निधी निघालाय, आणि अर्जात या वेळी एक नवीन पान आहे. ज्याला अशी दुखापत झालीय त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं, की त्याला या संशोधनातून काय हवंय. मी मॅडमना सांगून टाकलं, माझ्या मामासारखं अक्षर अख्ख्या कन्नड तालुक्यात नाही.

तुम्ही एवढंच लिहा की तुम्हाला पुन्हा चालायचंय. नाचनवेलच्या रस्त्यावर डाकेच्या पिशवीसकट गाडी घसरली ते दोन ओळींत, मग चालायची इच्छा, मग सही. थोडं रडवलंत तरी हरकत नाही. अर्ज तीस तारखेला जातोय, म्हणून पत्र माझ्याकडं वीसपर्यंत पाठवा.

निधी आला नाही तर मार्चमध्ये लॅबला कुलूप, आणि मी आईच्या ताब्यात. तिच्याकडं तीन मुलांचे बायोडाटे तयार आहेत. एकानं तर फोटो ट्रॅक्टरवर बसून काढलाय. तेव्हा भाचीची इज्जत तुमच्या हातात.

मामीला नमस्कार. माझ्या पदवीदानाला तुम्ही आला नाहीत, तो राग दोन वर्षं नीट सांभाळून ठेवलाय. पत्र लिहिलंत तर अर्धा माफ.

तूर्त अर्ध्याच लोभाची,
राजनंदिनी


पिशोर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. राजनंदिनीस,
अ. आ.

तुझं निळं पत्र चौथ्या दिवशी मिळालं. माझ्या वक्ताला दुसऱ्या दिवशी मिळालं असतं. पण आता नवा पोस्टमन आहे, बद्रीनाथ. भला माणूस आहे. त्याच्याबद्दल आपण काय बोलावं.

लिहिलं. तीन दिवस लागले. आणि टाकलंसुद्धा, थेट दिल्लीला. तू म्हणशील माझ्याकडं पाठवायचं ठरलं होतं. बाई, चोवीस वर्षं लोकांचं टपाल वाटलंय मी. माणूस शेतात असला तर पत्र शेतात नेऊन दिलं, घरी बायकोच्या हातात ठेवलं नाय. ज्याच्या नावचं त्याच्या हाती. हे पत्र समितीच्या नावचं. तू मधली.

रजिस्टर करणार होतो, पण आता ते स्पीड पोस्टात विलीन केलंय म्हणे. ते दुःख तुला सांगून कळायचं नाय. निषेध म्हणून साधी तिकिटं लावली आणि बाजारातल्या लाल डब्यात स्वतःच्या हातानं टाकलं. खुर्चीवरून हात बरोबर फटीपर्यंत पोचतो. तो डबा बसवताना उंची मीच ठरवली होती. तवा काय माहीत, कुणासाठी ठरवतोय.

काय लिहिलं ते विचारू नको. खरं ते लिहिलं. रडवणं जमलं नाय, तेवढी माफी असावी. आणि फोटोतला ट्रॅक्टर त्या पोराचाच आहे का, ते आधी बघ.

आशीर्वाद नेहमीचेच, पाकिटाच्या वजनात मोजत नाय,
मोतीराममामा

(घडीच्या बाहेर, बॉलपेननं)
राजी, ह्यांनी चिकटवल्यावर मी वरून लिहितीय. ह्यांनी दोन कागद फाडले, तिसरा मला दाखवंनात. मग झोपले तवा मी वाचला. त्यात चालायचं कायबी नाय. तुला ठाऊक असावं. शेवया झाल्यात, कुणी येणारं असलं तर पाठवते.
द्वारकामामी


छत्रपती संभाजीनगर,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. मामास,
सा. न. आणि नुसतंच सा. न., वि. वि. करायला वेळ नाही.

आमच्या अर्जात सोळा पानं चालण्याबद्दल आहेत, आणि दिल्लीत तुमचं पत्र भलतंच काहीतरी सांगतंय. समितीनं दोन्ही शेजारी ठेवली की आमचा कारभार आटोपला. मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. फक्त विचारलं, की तुझे मामा आणखी कुणाकुणाला पत्रं लिहितात.

तुम्ही प्रत्येक अर्जाची नक्कल ठेवता. रेशनकार्डाच्या अर्जाचीसुद्धा आहे, मी पाहिलीय. ती नक्कल पाठवा. वर माझं नाव घाला, म्हणजे मी मधली राहणार नाही. आणि निषेध जरा बाजूला ठेवून स्पीड पोस्टानं पाठवा.

घायकुतीला आलेली,
राजनंदिनी


पिशोर,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. राजनंदिनीस,
अ. आ.

नक्कल सोबत आहे. तुझ्यासाठी स्पीड पोस्टाच्या खिडकीला गेलो. शरीरानं गेलो, मनानं नाय. यात एक जागा अशी आहे की तू चिडशील. ती मी दिल्लीसाठी लिहिली होती, तुझ्यासाठी नाय. तेवढं ध्यानात ठेवून वाच.

मोतीराममामा

(सोबतची नक्कल)

मा. निधी समिती, नवी दिल्ली, यांस
पिशोर, तालुका कन्नड, येथील माजी पोस्टमन मोतीराम याचा नमस्कार.

माझी भाची म्हणते, मला चालायचंय असं लिहा. चालायला कुणाला नको. पण तुम्ही विचारलंय काय हवंय, आणि नंबर लावायचा तर माझा पहिला नंबर चालण्याचा नाय. मला लघवी लागलेली कळत नाय. दर चार तासांनी मोबाइलचा गजर होतो, मग नळी घालून मोकळं व्हायचं. एखादा चहा जास्त झाला की गजराच्या आधीच कपडे भिजतात, आणि ते मला समोरच्याच्या तोंडावरून कळतं.

पायांचं काम खुर्ची करते. खुर्चीनं मी सगळा बाजार फिरतो. फिरायला भीत नाय, एका जागी बसायला भितो. लग्नात भितो, पंगतीत भितो. दोन वर्षांमागं माझ्या भाचीला पदवी मिळाली. आमच्या घरात एवढं शिकलेली ती पहिली. मी नवा शर्ट शिवला होता. मग ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तिचं नाव पुकारतील, आणि त्याच वक्ताला सगळे माझ्या खुर्चीखाली बघत असतील, याची भीती होती.

लघवीची पिशवी भरल्याचं आधी कळेल असं काहीतरी काढा. आमच्यासारखं गिऱ्हाईक थोडं, म्हणून कंपन्या यात पडायच्या नायत. म्हणून सरकारनं पडावं. टपालाचं असंच होतं. एका पत्रासाठी डोंगरापल्याडच्या वस्तीवर जाणं कुणाला परवडत नव्हतं, म्हणून तर ते सरकारनं केलं. मी गेलोय, एका पत्रासाठी. आता तुम्ही या.

आपला,
मोतीराम


छत्रपती संभाजीनगर,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चिडले. तुम्ही सांगितलेल्या जागीच चिडले. दोन वर्षं मी तुमच्या तापावर राग धरून बसले, आणि ताप नव्हताच. मला एका शब्दानं सांगायचं होतंत. मी कपड्यांचा जादा जोड मागवला असता, आमच्या खोलीत ठेवला असता, दर चार तासांनी तुम्हाला बाहेर काढलं असतं. मग आठवलं, की त्या दिवशी मी तीन वेळा साडी बदलली होती आणि तुम्ही का आला नाहीत हे एकदाही नीट विचारलं नव्हतं.

मॅडमनी नक्कल उभ्यानं वाचायला घेतली आणि बसून संपवली. म्हणाल्या, अकरा वर्षं डॉक्टरांना विचारलं, इंजिनिअरना विचारलं, खुर्चीतल्या माणसाला फक्त झटका दुखतो का एवढं विचारलं. मग त्यांनी फळ्यावर मणका काढला. मूत्राशयाच्या नसा पायाच्या नसांच्या शेजारूनच निघतात, घर तेच, फक्त दार बाजूचं. तीन दिवसांत अर्ज नव्यानं लिहिला. चालण्याची सोळा पानं होती, त्यांची दोन उरली. तुमची नक्कल मागं जोडली.

मी विचारलं, एवढं बदलायचं धाडस करायचं का. तर म्हणाल्या, मामांचं पत्र दिल्लीत आधीच पोचलंय, आता माघार घ्यायला जागाच नाही. प्रकल्पाचं इंग्रजी नाव अडीच ओळींचं आहे. मी मनातल्या मनात त्याला ताप न येण्याचं यंत्र म्हणते.

आता पूर्ण लोभाची,
राजनंदिनी


छत्रपती संभाजीनगर,
१० मार्च २०२६

ती. मामास,
सा. न. वि. वि.

निधी आला. मागितला तीन वर्षांचा, दिलाय एका वर्षाचा, पुढचं काम बघून देणार. लॅबचं कुलूप टळलं, ट्रॅक्टरवालाही टळला. आईनं बायोडाटे पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवलेत.

अठरा तारखेला कामाची सुरुवात आहे. ज्यांच्यावर त्यांच्याच परवानगीनं चाचण्या होणार, त्या सगळ्यांना बोलावलंय. यादीत पहिलं नाव तुमचं, मॅडमनी स्वतः घातलंय. थोडी भाषणं होतील. बसावं लागेल. मी आग्रह करत नाही, ताप आला तर खरा की खोटा तेवढं कळवा.

वाट बघणारी,
राजनंदिनी


पिशोर,
२२ मार्च २०२६

चि. राजनंदिनीस,
अ. आ.

सुखरूप पोचलो. मामी अजून तुझ्या मॅडमबद्दल बोलतीय, म्हणते एवढी शिकलेली बाई पण शेवया हातानं खाती.

मोठ्या साहेबांच्या भाषणात माझा गजर झाला, तो तू ऐकलाच. तुझं तोंड मी बघितलं, माझ्यापेक्षा तूच घाबरली होतीस. मी हात वर करून माझी वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघालो. कुणी काय म्हणलं नाय. परत आलो तर साहेब त्याच वाक्यात होते.

आता एक कैफियत. काल मामीनं ज्वारीच्या कोठीतून एक पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. माझंच अक्षर, माझीच तिकिटं, पत्ता नवी दिल्ली. आणि खाली पिनकोड पिशोरचा. अख्ख्या गावाला पिनकोडवरून शिव्या घातल्या, आणि चोवीस वर्षांची सवय हाताला नडली. पत्र संभाजीनगरपर्यंत जाऊन पाचव्या दिवशी माघारी आलं. बद्रीनाथनं ते मामीकडं दिलं, ज्याच्या नावचं त्याला न देता. बोलेन मी त्याच्याशी.

दिल्लीला ते कधी पोचलंच नव्हतं, राजी. तुम्ही जोडलेली नक्कल तेवढी पोचली. मी मामीला विचारलं, काहून दडवलं. तर म्हणाली, सांगितलं असतं तर राजीनं पुन्हा चालायचं लिहून मागितलं असतं, आणि तुम्ही तिच्या मायेपोटी दिलं असतं लिहून. व्हय, दिलं असतं. मी म्हणालो, पण ते पाकीट समितीच्या नावचं होतं. तर म्हणते, पिनकोड माझ्या गावचा होता.

तुझं यंत्र व्हायला वर्षं लागतील, मॅडमनी ते खरं सांगितलं, बरं वाटलं. लागू देत. तोवर गजर आहे. तुझ्या पुढच्या पदवीच्या दिवशी तो शर्ट घालून येतो, दोन वर्षं घडीत आहे. मला ताप येणार नाय.

हॉलमध्ये माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवू नको. माझी मी घेऊन येतो.

तुझा,
मोतीराममामा