छताला चाळीस टाके

३ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

गाडीच्या छताचं कापड पडलं ही तुझ्या कानावर आलेली बातमी खरी आहे. पण मी गाडी चालवत असताना पडलं, हे खोटं. गाडी सिग्नलला उभी होती. चौकातला पोलीस याला साक्षी आहे, कारण त्यानेच काच वाजवून आत कुणी आहे का, असं विचारलं. मी कापडाखालूनच हो म्हटलं. मग त्याने गाडी कडेला घ्यायला मदत केली आणि मागच्या सीटवरची माझी मलमपट्टीची पेटी बघून आपल्या आईच्याही गुडघ्याला पट्टी बांधायला याल का, असं विचारून घेतलं. म्हणजे नुकसान काहीच नाही, झाला तर एक पेशंट वाढला.

तसं ते कापड गेलं वर्षभर लोंबत होतं. हे शेजारी बसताना टोपी घालायचे, म्हणजे केसांत स्पंजाचा भुगा पडत नाही. मी टाचण्या लावून चालवून नेत होते. आता ते एकदाचं खाली आलं, बरं झालं. टाचण्यांनी कुठली जखम बरी होते?

दुरुस्ती मी घरीच करणार आहे. सीट कव्हरवाल्याला दाखवली. एवढ्या जुन्या गाडीसाठी आपला वेळ नाही, असं तो गाडीकडे न बघताच म्हणाला. मला वेळ आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्राला तेवढी तरी शिस्त असते.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र पावलं. चौकात कापडाखाली बसलेल्या बहिणीचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. तुला गंमत वाटते, मला झोप लागत नाही.

आता जरा ऐक. मी बदलीवर इकडे आलो तेव्हा ती गाडी तुझ्याकडे ठेवली, कागद अजून माझ्याच नावावर आहेत. इथे एकजण जुन्या गाड्या घेतो. त्याच्याशी बोलणं झालंय. महिनाअखेरच्या शनिवारी आम्ही येतो, तेव्हा तोही गाडी बघायला येईल. तू सत्तरीला टेकलीस. ऑपरेशन थिएटरमध्ये उभं आयुष्य काढलंस, निवृत्त झालीस, तरी लोकांच्या घरोघर जाऊन मलमपट्ट्या करतेस. पुरे की आता! ज्यांना गरज आहे ते रिक्षा करून तुझ्याकडे येतील.

भाऊजींना माझ्या बाजूने दोन शब्द बोलायला सांग. ते बोलणार नाहीत हे मला माहीत आहे.

रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा आज्ञाधारक (तुझ्या मते नसलेला),
ढब्बू

१४ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

तुझे भाऊजी तुझ्या बाजूने दोन शब्द बोलले. ‘बिचारा’ आणि ‘ढब्बू’.

अंथरुणाला खिळलेला माणूस रिक्षा करून कसा येतो, हे मला समजावून सांग. कालव्यापलीकडच्या घड्याळजींना पाठीला जखमा आहेत. बस पुलाच्या अलीकडेच थांबते. मी गेले नाही तर त्यांची सून घाबरत घाबरत पट्टी सोडते आणि तशीच परत बांधते. गाडी गेली की माझं काम गेलं. तू पुरे म्हणालास म्हणून ते पुरं होत नाही.

आता कामाची बातमी. दिव्याचं झाकण, हँडलं आणि उन्हाच्या झापडा काढल्या. कापड ज्यावर चिकटवलेलं असतं तो छताचा पुठ्ठा मागच्या दारातून अख्खा बाहेर आला. यांनी पुढून ढकलला, मी मागून ओढला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही एका दिशेने जोर लावला असं यांचं म्हणणं पडलं.

पुढचं तुला सांगू नये असं वाटतं, पण सांगते. पुठ्ठ्यावर जुन्या स्पंजाचा पिवळा चिकट थर होता. तो कोरड्या ब्रशाने खरवडायचा असतो. मी तो गरम पाण्याने आणि साबणाने धुतला. वर जंतुनाशक फिरवलं. इतकी वर्षं टेबल पुसल्याची सवय, घाण दिसली की हात थांबत नाही. पुठ्ठा स्वच्छ झाला रे, अगदी निर्जंतुक, आणि भिजून मधोमध पोटासारखा सुटला. आता व्हरांड्यात फळीवर पसरून त्यावर घरातली सगळी जाड पुस्तकं ठेवली आहेत. एवढा उपयोग त्यांचा कुणी केला नव्हता.

गाडी थांबलेली नाही. मी नुसत्या पत्र्याखाली बसून फिरते. ऊन लागतं आणि आवाज डब्यासारखा येतो. पण घड्याळजींच्या पट्ट्या वेळेवर बदलल्या जातात.

तुझ्या खरेदीदाराला नमस्कार सांगू नकोस.

ताई

१९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पुठ्ठ्याला आंघोळ घालणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. ऑफिसात सांगितलं तर आमचे हिशेबनीस हसून हसून खुर्चीवरून घसरले.

त्यांनीच चौकशी करून सांगितलं आहे की उष्णता सोसणारा फवाऱ्याचा गोंद घ्यावा. कापड अर्धं अर्धं लावत जावं, मधून कडेकडे हात फिरवावा. हे मी हरलो म्हणून कळवत नाही. छत नीट असलं तर गाडी लवकर खपेल, म्हणून कळवतो.

ताई, हट्ट सोड. एका वयानंतर रस्ता आपला राहत नाही. हे मी उगाच म्हणत नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
ढब्बू

२० मार्च

ती. वन्संना सा. न.

मी सहसा लिहीत नाही, आज लिहिते. तुम्ही गाडी सोडू नका.

यांनी किल्ली ठेवली तेव्हापासून घरात नुसती चिडचिड आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, हे यांनी तुम्हांला कळवलं असेलच. आमची गाडी दिवाळखोराच्या दुकानासारखी झाकून उभी आहे. सकाळी उठून हे तिच्यावरची धूळ झटकतात आणि मग तुम्हांला गाडी सोडायला सांगणारं पत्र लिहायला बसतात. खरेदीदार खरा आहे, पण त्याला आधी बोलावलं होतं ते आमच्या गाडीसाठी. ती विकायला यांचा जीव होईना, म्हणून तुमची पुढे केली.

माझं एक मागणं आहे. मला गाडी चालवायला शिकायची आहे. यांना विचारलं तर म्हणाले, या वयात? म्हणून तुम्हांला विचारते. आम्ही येऊ तेव्हा शिकवाल का?

तुमचीच,
वहिनी

२६ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

काल छत गाडीत चढलं आणि चिकटून बसलं आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, तरी पोलीसदादाला थांबवून दाखवलं. त्याने मूठ वर करून दोनदा ठोकून पाहिलं आणि पक्कं आहे म्हणाला.

तुझ्या हिशेबनिसांचा गोंद चांगला निघाला. कडा लगेच धरल्या. पण मी भिजवलेल्या मधल्या भागात पुठ्ठा भुसभुशीत झाला होता, तिथे कापड संध्याकाळपर्यंत परत सुटलं. हे हळूच म्हणाले की ढब्बूला कळवायचं का. मी म्हटलं, सुई आणा.

तीस वर्षं मी डॉक्टरांच्या हातात सुई दिली. कुठली द्यायची ते त्यांनी मागायच्या आधी मला कळायचं, पण एक टाका माझ्या हातचा नाही. आता घातले. वाकड्या सुईने, कापड मढवलेली बटणं लावून, पुठ्ठ्याच्या आरपार. वरच्या बाजूला चामड्याचे तुकडे ठेवले, म्हणजे दोरा पुठ्ठा कापत नाही. गाठ दोन फेऱ्यांची, आमच्या थिएटरातली. यांनी पलीकडून सुई परत दिली. पहिल्यांदा उलटी दिली, तर मी त्यांना थिएटरबाहेर काढायची धमकी दिली. असे चाळीस टाके पडले. छत आता जुन्या सोफ्याच्या पाठीसारखं दिसतं. सुंदर नाही. मला आवडतं.

डोळ्यांचं वहिनीकडून कळलं. मला सांगितलं नाहीस, त्याबद्दल भेटीत बोलेन आणि तू वाक्य पुरं करू देशील. डॉक्टरांचं ऐकलंस हे धाडसाचं काम होतं, शाबास. पण ती बंदी तुझ्या डोळ्यांना होती. माझे डोळे मी दर वर्षी तपासून घेते. ज्या दिवशी डॉक्टर नाही म्हणेल त्या दिवशी किल्ली मी ठेवीन. तुझ्या भीतीपायी ठेवणार नाही.

येताना गाडीचे कागद घेऊन ये, सही करून माझ्या नावावर करून दे. खरेदीदाराला आणायचं तर आण. त्याला चहा मिळेल, गाडी नाही.

शनिवारी दुपारी स्टेशनबाहेर मी गाडी घेऊन उभी असेन. रविवारी सकाळी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात जायचं आहे. वहिनी स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी, तू आणि हे मागे. तिला ‘या वयात?’ असं म्हणायचं नाही. क्लच सुटेल, गाडी गचके खाईल, तुझं डोकं वर आपटेल. छत पडणार नाही.

तुझी,
ताई