अपेक्षाच्या डोकेदुखीचं टाइमटेबल

८ सप्टेंबर, सोमवार
अपेक्षाला डॉक्टरांकडे नेलं. पोरगी नववीला. गेले चार महिने आठवड्यातून एकदा तरी अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको, आवाज नको, मग उलटी. डॉ. सबा मुजावर, मुलांच्या डॉक्टर. नीट तपासलं. म्हणाल्या, मायग्रेन आहे, घाबरू नका, पण टेन्शनमुळे वाढतंय. झोप पुरेशी, नाश्ता चुकवायचा नाही, पाणी, थोडा खेळ, रोज दहा मिनिटं श्वासाचा व्यायाम. दुखायला लागल्याबरोबर गोळी, उशीर नको. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागली तर कळवा. आणि घरातलं वातावरण हलकं ठेवा.

घरातलं वातावरण हलकंच आहे. मी जातीने लक्ष देतो.

कुपवाडला कारखान्यात अठरा वर्षं क्वालिटी बघतोय. पंपाच्या पार्टचं रिजेक्शन सहा टक्क्यांवरून दीडवर आणलं. एका पोरीचं डोकं त्यामानाने छोटं काम. टार्गेट : दिवाळीपर्यंत शून्य डोकेदुखी.

९ सप्टेंबर, मंगळवार
टाइमटेबल तयार. लॅमिनेट करून फ्रीजवर लावलं. पाचला उठणे (शांतपणे). ५.१० पाणी, ४०० मिली. ५.१५ श्वास. ५.२५ ते ५.३० आनंदी राहणे. ५.३० गणित.

क्रांती म्हणाली, सातला उठणारी पोरगी पाचला उठली तर झोप कशी पुरी होणार. (क्रांती म्हणजे माझी बायको. प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत चूक काढायची सवय.) मी म्हणालो, आठला झोपायचं. ती म्हणाली, क्लास साडेआठला सुटतो. मुद्दा नोंदवून घेतला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
दर तासाला दुखण्याचा स्कोअर घेतोय, दहापैकी. शाळेच्या वेळेत वर्गशिक्षिकांना मेसेज करतो. त्यांनी पहिल्या दिवशी उत्तर दिलं, आता निळी टिक नुसती.
सोमवार ०, मंगळवार २, बुधवार ४, काल ७.
अपेक्षा म्हणाली, पप्पा, तुम्ही दुखतंय का विचारलं की दुखायला लागतं. हा निव्वळ मनाचा खेळ आहे असं तिला अर्धा तास समजावून सांगितलं. नंतरचा स्कोअर ८. डेटा मात्र उत्तम मिळतोय.

१७ सप्टेंबर, बुधवार
रोजचा स्कोअर आमच्या कुंडलकरांच्या फॅमिली ग्रुपवर टाकायला लागलो. माणसं आपुलकीने सल्ले देतात. एकाने नाकात तूप सांगितलं, एकाने दृष्ट काढायला सांगितली, दिग्विजय भावजींनी अंगठा पाठवला.
चुकून एकदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही गेला. अपेक्षाची मैत्रीण दिलशाद खालच्याच मजल्यावर राहते. तिने शाळेत सगळ्यांसमोर विचारलं, आज सहा ना गं तुझं. अपेक्षा घरी येऊन खोलीत गेली ती जेवायलाच बाहेर आली. मी दाराबाहेरून सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही, कारखान्यात आम्ही रिजेक्शनचा बोर्ड गेटवर लावतो.

२१ सप्टेंबर, रविवार
खो-खो बंद केला. ती शाळेच्या टीममध्ये आहे, पळते चांगली. पण ऊन, धूळ, ओरडा, हरण्याचं टेन्शन, सगळं एकाच मैदानावर. डॉक्टर 'थोडा खेळ' म्हणाल्या होत्या. थोडा म्हणजे किती हे त्यांनी लिहून दिलेलं नाही.
त्याऐवजी गच्चीवर वीस मिनिटं चालणं, माझ्याबरोबर. चालताना मी तिला परीक्षेतल्या नव्वद टक्क्यांचं टेन्शन कसं घ्यायचं नाही ते समजावलं. नव्वदच्या खाली गेलं तर काय काय होतं तेही सांगितलं, म्हणजे मनात भीती राहणार नाही. वीस मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. एकदम शांत. चालणं लागू पडतंय.

२८ सप्टेंबर, रविवार
या आठवड्यात तीन वेळा गोळी. क्रांती म्हणाली, डॉक्टरांना फोन कर. फोन केला तर त्या खो-खोचं विचारणार. त्यापेक्षा गोळ्या लोखंडी कपाटात ठेवल्या, किल्ली माझ्याकडे. लहान वयात गोळ्यांची सवय नको. मी परिस्थिती बघून देत जाईन.

७ ऑक्टोबर, मंगळवार
गणिताचा पेपर. सकाळी तीनदा विचारलं, टेन्शन नाही ना. तिसऱ्यांदा नाही म्हणाली तेव्हा आवाज कापत होता. थंडी असावी.
पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला आणि तिच्या डोळ्यांसमोर चमचम सुरू झाली. कागदावरचे आकडे निम्मेच दिसायला लागले. वर्गातच उलटी झाली. शाळेतून क्रांतीला फोन गेला, तिने रिक्षाने घरी आणलं. गोळी कपाटात. किल्ली माझ्या खिशात. मी कारखान्यात, पुण्याहून ऑडिटला माणसं आलेली, फोन सायलेंटवर.
अकरा मिस्ड कॉल.
शेवटी क्रांतीने वरवंट्याने कपाटाचं कुलूप फोडलं. तोवर दोन तास गेले होते, मग गोळीचाही उपयोग झाला नाही. मी घरी पोचलो तेव्हा अपेक्षा अंधारात भिंतीकडे तोंड करून झोपली होती, डोळ्यांवर ओली ओढणी. मी हळूच विचारलं, किती दहापैकी.  तो रकाना कोरा ठेवला आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार
शांतपणे विचार केला. ऑडिट मंगळवारीच असणार हे मला कसं माहीत असणार. शिवाय कपाटाला डुप्लिकेट किल्ली असायला हवी होती, ती दुकानदाराने दिली नाही. म्हणजे मूळ दोष सप्लायरचा.
क्रांती कालपासून माझ्याशी बोललेली नाही. वातावरण हलकं ठेवण्यासाठी मीही काही विचारत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
क्रांती अपेक्षाला घेऊन दिवाळीच्या सुट्टीला कुंडलला गेली, माझ्या आईकडे. मला ये म्हणाली नाही. लक्ष्मीपूजनाला येऊन जा, एवढंच म्हणाली, पण नेमकं प्रॉडक्शन अडकलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
सहा दिवस फोनवर स्कोअर घेतला. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. दिवाळीचं टार्गेट पूर्ण.
सिस्टिमचा परिणाम उशिरा दिसतो, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. उद्या स्वतः जातो. आत्ताच घडी बसवली पाहिजे.

२५ ऑक्टोबर, शनिवार. कुंडल
सकाळी साडेआठला पोचलो. अपेक्षा झोपलेली. नऊला उठली, दूध-भाकरी खाल्ली, चुलत भावंडांबरोबर शेताच्या वाटेवर पळत सुटली. ऊन होतं. टोपी नव्हती. हसत होती, तेही मोठ्याने.
आई म्हणाली, आल्यापास्नं एकदाबी डोकं दुखलं न्हाई बग. मी म्हणालो, सहा आठवड्यांची मेहनत आहे त्यामागे. आई म्हणाली, कुणाची.
संध्याकाळी टाइमटेबल धान्याच्या कोठीवर चिकटवलं. अपेक्षा ते बघून हात धुवायला गेली. बराच वेळ हात धूत होती.

२६ ऑक्टोबर, रविवार. कुंडल
सकाळी स्कोअर ७. उलटी दोनदा. क्रांतीने लगेच गोळी दिली, खिडकीला चादर लावली.
कारण सापडलं. शेजारच्या रानात उसाचा पाला पेटवला होता. धूर. आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, पाला आठ दिस जळतोय रं धैर्या, तू काल आलास.
आई जुन्या वळणाची आहे. टाइमटेबल काढून घेतलं. दुपारच्या एसटीने मी परत.

३ नोव्हेंबर, सोमवार
डॉ. सबा. त्या अपेक्षाशी पाऊण तास एकट्याने बोलल्या. मी फाइल घेऊन बाहेर, आलेख सहा रंगांत. मग मला एकट्याला आत बोलावलं. आलेख बघितला नाही.
म्हणाल्या, खो-खो पुन्हा सुरू. गोळी तिच्या दप्तरात, शाळेला चिठ्ठी मी देते. डोकेदुखीची नोंद ती ठेवेल, तिची तिने. तुम्ही विचारायचं नाही. मी म्हणालो, दिवसातून एकदा. त्या म्हणाल्या, नाही.
मग म्हणाल्या, तुम्हाला झोप लागते का. मी म्हणालो, साडेचारला उठतो, तिला पाचला उठवायचं असतं. त्या म्हणाल्या, खांदे खाली सोडा. माझे खांदे वर आहेत हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडूनच श्वासाचा व्यायाम करून घेतला. आत चार, बाहेर सहा. मग विचारलं, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते.
मी नववीत नापास झालो होतो. हे क्रांतीलासुद्धा माहीत नाही. डॉक्टरांना का सांगितलं कळत नाही. केबिनमध्ये एसी फार होता.

१० नोव्हेंबर, सोमवार
विचारलं नाही. सात दिवस. फक्त एकदा 'कशी आहेस' म्हणालो. क्रांतीच्या मते तोही प्रश्नच.
गुरुवारी तिचं डोकं दुखलं होतं म्हणे. तिने दप्तरातली गोळी घेतली, शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत तासभर पडली, उठून भूगोलाच्या तासाला गेली. मला आज जेवताना कळलं, तेही ती क्रांतीला सांगत होती म्हणून. चार दिवस रकान्यात शून्य धरून बसलो होतो. आलेख खोटा ठरला.
ती सांगताना वरण वाढून घेत होती. जसं काही सर्दीबद्दल बोलावं.

१६ नोव्हेंबर, रविवार
तासगावला खो-खोचे सामने. पालकांना बोलावलं होतं. अपेक्षाने चहा आणून दिला, समोर बसली आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही नाही आलात तर चालेल का, मम्मी येतेय. रागाने नाही, अगदी नीट. मी म्हणालो, मला तसंही काम आहे. नव्हतं.
दिवसभर घरी. पेपर वाचला. फ्रीज पुसला. दारातून दोन वेळा गाडीची किल्ली घेऊन परत आलो.
साडेपाचला क्रांतीच्या मोबाइलवरून तिचा फोन. दोन सामने जिंकले, सात गडी तिने बाद केले, दम लागला होता तरी बोलत होती. मी डोक्याचं विचारलं नाही. जीभ दाताखाली धरली होती. तिने विचारलं, पप्पा, तुम्ही आज काय केलं. मी म्हणालो, काहीच नाही. ती म्हणाली, छान, असंच करत जा. फोन ठेवला.
टाइमटेबलात नवा रकाना आखला. मग काहीच न करण्याचं किती ते किती ठेवायचं आणि शनिवार धरायचा का, हे विचारायला परत फोन लावला. क्रांतीने कट केला.