बर्फातल्या बुटांचा अभ्यास

४ ऑक्टोबर, सकाळी ६
माझा संशोधन प्रकल्प मंजूर. लष्करी खरेदी कशी सुधारावी, बर्फात घालायच्या बुटांच्या आधारे. रोज पहाटे पाचला उठून दोन पानं लिहायची. (आज सहा वाजले, पण आज पहिलाच दिवस.) या हिवाळ्यात एकाही जवानाचे पाय भिजणार नाहीत.

११ ऑक्टोबर
चारशे जवानांना प्रश्नावली टपालाने रवाना. प्रश्न फक्त शहाण्णव. विभागातला क्लार्क म्हणाला, बर्फात उभं राहून एवढं कोण भरत बसणार? त्याला संशोधनातलं काय कळतंय.

२ नोव्हेंबर
उत्तरं नऊ. पूर्ण भरलेलं एकच, माझ्या भाच्याचं. तो चौकीवर आहे. खाली लिहिलंय, नव्या बुटांचे सोल आठ दिवसांत सुटतात, आत पाणी जातं, दुसरा लॉट यायच्या आत कुणाला तरी सांग. गुणी पोरगा. पण सख्ख्या भाच्याचा फॉर्म म्हणजे पक्षपाताचा आरोप. बाद केला. वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१९ नोव्हेंबर
खरेदी खात्यातले कर्नल ऑफिसात आले. दुसरा लॉट सोमवारी पास होतोय म्हणाले. एक लेखी तक्रार दाखवा, मी तो अडवतो. मी सांगितलं, अपुऱ्या डेटावर बोलणं बेजबाबदारपणाचं होईल. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. छाप पडली असावी.

२० नोव्हेंबर
ताईचा फोन. पोराने बुटांचं तिलाही कळवलंय. तुझी खरेदी खात्यात ओळख आहे, एक शब्द टाक म्हणाली. तिला सॅम्पलिंग म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. मध्येच फोन कट झाला. रेंज नसेल.

६ डिसेंबर
थंडीमुळे पहाटेचं उठणं तूर्त स्थगित. स्टडीत पाय गारठतात. हीटर आणला.

१७ जानेवारी
पेपर स्वीकारला गेला. परीक्षकाने माझ्या निःपक्षपातीपणाचं खास कौतुक केलंय. सांगायला ताईला तीनदा फोन लावला, उचलला नाही. संध्याकाळी मेव्हण्यांचा मेसेज आला. भाच्याचे पाय बर्फाने गेले. दोन्ही पाय अर्ध्यातून कापले.

२३ जानेवारी
लष्करी हॉस्पिटलात जाऊन आलो. ताई खिडकीशी उभी होती, वळली नाही. भाच्याने विचारलं, "मामा, माझा फॉर्म पोचलाच नाही का?"
मी म्हणालो, "नाही रे. टपालात गहाळ झाला बहुतेक."
"वाटलंच मला. नाहीतर तू गप्प बसला नसतास."
मग त्याने कोरा फॉर्म मागितला. चौकीवरचे बाकीचे अजून तेच बूट घालतायत म्हणे. माझ्या बॅगेत होता, दिला. मांडीवर पुस्तक घेऊन भरायला बसला आणि पहिल्याच प्रश्नाला थांबला. प्रश्न होता, आपल्या पायाचं माप. काय लिहू, असं त्याने मलाच विचारलं.
मला लाज वाटली.