बाबांचा सोनार

५ जुलै
पुन्हा तेच! सचिनदादा पुण्याला नोकरीला गेला, कॉम्प्युटर इथेच ठेवून. बाबांनी तो बळकावला. कापडाचं दुकान भर दुपारी बंद — आणि पंचावन्न वर्षांचा माणूस गेममधल्या समुद्राच्या तळाशी! एवढीशी पाणबुडी, आत एकटे बाबा. अख्ख्या पुलगावात असा दुसरा सापडायचा नाही. बावळटपणा नुसता.

८ जुलै
आता म्हणे पाणबुडीला सोनार बसवायचा. तो आवाज सोडतो, आवाज खडकावर आदळून परत येतो, की अंधारातल्या कपारी रेघांनी चमकतात. त्यासाठी तळाचे दगड वेचत फिरताहेत. गिऱ्हाइकाला चार थानं काढून दाखवायचा कंटाळा, इथे मात्र काय हुरूप!
आईनं 'सोनार' एवढंच ऐकलं. धावत आली — "काहो, माह्या बांगड्या मोडून राह्यले का?"
हसून हसून पोट दुखलं.

९ जुलै
बसला एकदाचा सोनार. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

१४ जुलै
बाबांनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली. वर म्हणतात, "खांब दिसलाच नाई." एवढा मोठा खांब! डोक्यात चोवीस तास मासे असले की असंच होणार.

१६ जुलै
आज सुनावायचंच म्हणून खुर्चीमागे उभी राहिले. पाणी उथळ, ऊन लख्ख, तरी यांचं टुंग-टुंग चालूच! पाणबुडीची बॅटरी संपत आलेली. हात घालून मी सोनार बंद केला. "उजेडात काऊन लावता हो?"
बाबा सरळ बाजूच्या खडकावर आदळले. पाणबुडी मागे घेतली, पुन्हा तिथेच आदळले. मला वाटलं, माझ्यावर राग काढताहेत.
"लाव न मोहिनी तो," हळूच म्हणाले. "त्या रेघा आल्या का तेवढं साफ दिसते मले."
"अन् एरवी?"
"मधातलं दिसते. बाजूचं सारं धुकट. निळं मांगतलं तं काळं फाडून देतो. लोक हासतेत, म्हणून दुकान बंद करून घेतो."
"आईले सांगतलं?"
"कोणालेच नाई."
मी सोनार लावला.

१८ जुलै
वर्ध्याला दाखवलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधानं टिकेल, डॉक्टर म्हणाले.
परत पुलगाव स्टेशनवर उतरल्यावर बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती.