दोन-दोनचा हात

१२ जाने., सोम.
एस्कॉर्ट तुकडीच्या यादीत नाव लागलं! पण पिस्तुलाची चाचणी पास झाले तरच. आजवर रायफलच हाताळली. कोर्टाच्या दारात पहाऱ्याला उभं राहून जीव विटलाय, ही तुकडी मला हवीच. ह्यांना (खांडबाऱ्याला मास्तर) सांगितलं, तर म्हणे आता घरात तोंड सांभाळून बोलायला हवं. बोलाच.

१४, बुध.
शस्त्रागारातले हवालदारकाका म्हणाले, पिस्तुलं दोन जातीची. एकात मॅगझिनमधल्या गोळ्या एकावर एक, एकाच ओळीत. गोळ्या कमी, पण मूठ पातळ. दुसऱ्यात दोन ओळी एकमेकींत अडकवलेल्या. गोळ्या जास्त, मूठ जाड. कुठलं देऊ?
मी पंजा दाखवला. "काका, मन्हा हात दोन-दोनना शे."
मान डोलावली नि जाड दिलं! असेल काही कारण, गप्प बसले. बोटाचं नुसतं टोक ट्रिगरला पोचतं. सगळ्या गोळ्या डावीकडे. डोकं फिरलं.

१५, गुरु.
आजही डावीकडे. शेवटी विचारलंच, पातळ का नाही दिलं?
"तूच त सांगं, दोन-दोन! मी समजनू दोन ओळीनं पाहिजे."
अरे देवा. बांगडीचं माप सांगत होते मी! दोन-दोन म्हणजे बारीक हात, कुठलाही कासार सांगेल. काका खुर्चीत बसून हसले, मग दिवसभर येईल त्याला सांगत सुटले.
पातळ घेतलं. हातात घरच्या विळ्यासारखं बसलं. गोळ्या मधोमध. फक्त लवकर संपतात, मॅगझिन बदलताना गडबडते.

१९, सोम.
पास!! कोरीटला आईला फोन केला. आधी रडली, मग विचारते, पगार वाढेल का. नाही म्हटलं तर म्हणे, मग काय एवढं.
कळण्याची भाकरी, ठेचा. दोन जास्तच खाल्ल्या. खूप बरं वाटतंय.

२१, बुध.
तुकडीच्या साहेबांनी बोलावलं. बाकी सगळ्यांकडे जाड पिस्तूल. माझं मॅगझिन संपलं तर शेजारचा त्याचं देईल, ते माझ्यात बसणार नाही. त्याचं संपलं तर माझं त्याला बिनकामाचं. म्हणाले, तू पास आहेस, पातळ ठेवलंस तरी चालेल. जाड हवं तर पुन्हा चाचणी. नापास, तर परत कोर्ट.
उद्या सांगते म्हटलं. जे हवं होतं ते हातात आहे, आणि...

२२, गुरु.
जाड मागितलं. काका बघतच राहिले.
"पोरी, तू पास व्हयनी ना? मंग?"
"पास व्हयनू, काका. पन एकलीच."
काकांनी काढून दिलं.
परवा चाचणी. आज अर्ध्या गोळ्या डावीकडेच. तरी जेवण झकास गेलं.